पन्नास किलोचा पांढरा गम: आठ महिने, सात ड्रम आणि एक झाकण

लाकूड चिकटवायच्या पांढऱ्या गमबद्दल लिहायला बसलेय, पण निम्मं झाकणाबद्दलच होणार, आधीच सांगते.

जोगेश्वरीत आमचा फर्निचरचा छोटा गाळा आहे. सुतारकाम हे बघतात, खरेदी माझ्याकडे. प्लाय, लॅमिनेट, स्क्रू, एज बँड (प्लायच्या कडेला लावायची पट्टी), पॉलिश पेपर, सगळ्याची वही मीच ठेवते. जानेवारीपर्यंत गम नाक्यावरच्या दुकानातून २० किलोच्या बादलीत यायचा. मग कळलं की दुसऱ्या एका कंपनीचा ५० किलोचा ड्रम घेतला तर किलोमागे १४ रुपये वाचतात. म्हणजे ड्रममागे ७००. त्याच दिवशी फोन केला. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्यांच्याकडून एक क्रेडिट नोट अजून यायची आहे.

गम चांगला आहे, त्यात खोट नाही. मिस्त्रींनी पहिल्याच आठवड्यात दोन फळकुटं चिकटवून दुसऱ्या दिवशी हातोडीने फोडून बघितली. लाकूड फाटलं, जोड सुटला नाही. ८ बाय ४ फुटी प्लायच्या शीटला एका बाजूने अर्धा किलोच्या आसपास लागतो, बादलीवाल्याइतकाच. वास जवळजवळ नाही. माझे सासरे सरस वितळवून वापरायचे, जनावरांच्या हाडाकातड्यांचा, तेव्हा शेजारी नाक दाबून भांडायला यायचे म्हणतात. त्या मानाने आम्ही सुखात.

आता झाकण. नव्या ड्रमला झाकणाभोवती प्लास्टिकची पट्टी असते, ती ओढून तोडायची. पट्टी तुटली की झाकणाची पकडच जाते. चार खटके आहेत, त्यातले दोन बसले की उरलेले दोन उचकतात. वर बसून दाबलं तरी तेच. फटीतून भुसा आत जातो, हवा जाते, आणि रविवारची सुट्टी संपवून सोमवारी ड्रम उघडला की गमवर साय! दुधाची साय मी तुपासाठी जमवते. या सायीचं काय करू?

मी ती वजन केली. हसू नका. पाच सोमवार वजनकाट्यावर ठेवली, दर वेळी साडेतीनशे ग्रॅमच्या आगेमागे. एक ड्रम आमच्याकडे पाच आठवडे जातो, म्हणजे पावणेदोन किलो गम कचऱ्यात. किलोला १३० रुपये धरले तर सव्वादोनशेच्या वर. ह्यांनी वही बघितली आणि म्हणाले, "अगं, तरी पावणेपाचशे वाचतायत ना?" वाचतायत. पण जे वाचलं ते दिसत नाही आणि साय दर सोमवारी दिसते.

जुलैत खरा फटका बसला. मुलुंडला एक वॉर्डरोब दिला होता, दहा-बारा दिवसांत फोन आला की सनमायका फुगला. (गिऱ्हाइकाला लॅमिनेट म्हटलेलं कळत नाही, जसा कारागिराला पांढरा गम कुठल्याही कंपनीचा असला तरी फेव्हिकॉलच.) मिस्त्रींनी जाऊन बोटाच्या पेराने टकटक केलं, दोन शटर, म्हणजे कपाटाची दारं, पोकळ ढबढब वाजत होती.

मी कंपनीला तीन दिवस फोन लावला. नवव्या दिवशी त्यांचा माणूस आला, ओल मोजायचा पिनांचा मॉइश्चर मीटर घेऊन. आमच्या उरलेल्या प्लायला टोचला, १७ दाखवलं. "मॅडम, आयएस ३०३ मध्ये, म्हणजे प्लायच्या भारतीय मानकात, प्लायची ओल ५ ते १५ टक्के सांगितली आहे. तुमचं प्लाय ओलं, गमचा काय दोष?" मी चिडले. पण त्याने पुढे जे सांगितलं ते पटलं. हा गम पाण्यातला असतो. पाणी निघून गेलं की धरतो. लॅमिनेट पाणी पीत नाही, म्हणून सगळं पाणी प्लायनेच प्यायचं. प्लायच आधी ओलं आणि वर मुंबईचा जुलै, मग ते जाणार कुठे? चिकटवल्यावर दाबायला आम्ही वर वजन ठेवलं होतं फक्त एक रात्र.

इथपर्यंत मी जवळजवळ हरले होते. तेवढ्यात मिस्त्री हळूच म्हणाले, "वहिनी, हाताखालचा पोरगा गममध्ये पाणी टाकतो." ड्रमवर मोठ्या अक्षरांत छापलंय, पाणी घालू नये. पोराला विचारलं तर म्हणतो, साय काढल्यावर खालचा गमपण जाड लागतो, ब्रश फिरत नाही. म्हणजे आधीच ओलं प्लाय, त्यात वरून ओतलेलं पाणी. आणि ते का ओतलं? सायीमुळे. आणि साय कशामुळे? मी त्या माणसाला झाकण हातात घेऊन दाखवलं. तो म्हणाला, झाकणाची तक्रार पॅकिंग डिपार्टमेंटकडे जाते.

दोन शटरचं लॅमिनेट, मजुरी, मुलुंडचा टेम्पो, सगळे मिळून ६,२०० रुपये गेले. सात ड्रममध्ये ४,९०० वाचवले होते, सायीचे पैसे वजा न करता.

भरपाई म्हणून त्यांनी ५ किलोची बादली फुकट पाठवली. तिचं झाकण, तुम्हाला सांगते, डब्याच्या झाकणासारखं टक् करून बसतं! त्याच कंपनीचं! म्हणजे करता येतं त्यांना.

त्या बादलीने माझं मत थोडं बदललं हे कबूल करते. आता सकाळी ड्रममधून दिवसाचा गम बादलीत काढतो आणि ड्रम परत उघडत नाही. शिवाय लॅमिनेटवर जी पातळ संरक्षक फिल्म येते ती आम्ही फेकून द्यायचो. ती आता मी गोल कापून थेट गमवर पसरते, हवा अजिबात राहू द्यायची नाही. ऑगस्टपासून साय चमचाभरसुद्धा निघत नाही. पाणी बंद, पावसात वजन दोन रात्री, आणि प्लाय भिंतीला न टेकवता पट्ट्यांवर आडवं. फुग्याची तक्रार नंतर आली नाही.

बाकी खरेदीचं थोडक्यात. पॉलिश पेपर आणि स्क्रू मी अजूनही मशीदला उतरून नागदेवीतूनच आणते, घरपोच मागवण्यापेक्षा स्वस्त पडतं आणि बघून घेता येतं. पावसाळ्यात कागदी पाठीचा पेपर पापडासारखा लुळा पडतो, ८० आणि १२० नंबर कापडी पाठीचेच घ्या. एज बँड मात्र एका कामाचा एकाच लॉटमधून घ्या, शेडमध्ये फरक येतो.

५० किलोचा ड्रम घ्यावा का? पाच-सहा माणसं रोज काम करत असतील तर घ्या. महिन्याला दहा शीट चिकटवणाऱ्यांनी बादलीच बरी, रिकामी झाल्यावर घरी पाणी भरायलाही होते.

आठवा ड्रम काल आला. टेम्पोवाल्याला थांबवून झाकण चारही बाजूंनी चाचपलं, एक खटका आधीच तुटलेला. तो म्हणाला, "ताई, परत नेऊ का?" गाळ्यात तीन शीट गमची वाट बघत होत्या. चलनावर 'खटका तुटका' असं लिहून सही केली.