जाई की जुई? पान बघा, मग फूल

दोन्ही वेली, दोन्हींची फुलं पांढरी आणि सुवासिक, त्यामुळे नर्सरीत अदलाबदल ठरलेलीच. फूल नसतानाही ओळख पटते, ती पानावरून.

जाईचं पान संयुक्त असतं. एका देठावर समोरासमोर पर्णिकांच्या जोड्या आणि टोकाला एक, बाकीच्यांपेक्षा मोठी. मोजल्या तर बहुधा सात ते नऊ भरतात. जुईचं पान वरवर साधं, एकच वाटतं. देठाजवळ नीट बघा: दोन्ही बाजूंना कानाच्या पाळीसारख्या दोन चिमुकल्या पर्णिका दिसतात. कधी त्या गळलेल्या असतात, म्हणून एका पानावर निकाल देऊ नका, चार-पाच पानं तपासा.

जाईची कळी बाहेरून गुलाबी-जांभळट असते, आणि उमललेलं फूल उलटं केलं की पाकळ्यांच्या पाठीवर ती छटा दिसते. पाकळ्या पाच, फूल ठसठशीत. जुई स्वच्छ पांढरी, निम्म्या आकाराची, पाकळ्या सहा ते आठ. फुलं घोसाने येतात. संस्कृतातलं ‘यूथिका’ हे नाव ‘यूथ’ म्हणजे समूहावरूनच. हिंदीतल्या ‘चमेली’ने गोंधळू नका, ती आपली जाई.

ओळख चुकली की छाटणीचं वेळापत्रकही चुकतं. जाई डिसेंबरात छाटतात, जुई जानेवारीअखेर. दोन्हींना फुलं नव्या फुटीवर येतात, त्यामुळे उशिरा कात्री लावली तर कळ्याच कापल्या जातात. गजऱ्यासाठी जुई निवडली तर ओवायला वेळ काढा.