आकार एकाचा, खनिज दुसरंच: गोथाइट घ्यावं की मॅलाकाइट?

संग्रहातला पहिला स्यूडोमॉर्फ (एका खनिजाचा आकार तसाच राहून त्याच्या जागी दुसरं खनिज आलेला नमुना) कोणता घ्यावा, यावर एक मित्र अडून बसलाय. एका हातात पायराइटच्या (लोखंड आणि गंधकाचं खनिज) जागी आलेला गोथाइट (लोखंडाचंच दुसरं खनिज), दुसऱ्या हातात ॲझुराइटच्या जागी आलेला मॅलाकाइट (दोन्ही तांब्याची खनिजं).

दिसण्यात मॅलाकाइटच उजवा, वादच नाही. निळ्या ॲझुराइटचे धारदार स्फटिक जसेच्या तसे, फक्त रंग हिरवा. नामिबियातल्या त्सुमेब खाणीचे नमुने यासाठीच गाजले. बदल अर्धवट राहिला असेल तर एकाच स्फटिकात निळं आणि हिरवं शेजारी दिसतं. मला तरी असे अर्धवटच जास्त आवडतात. गोथाइट म्हणजे तपकिरी ठोकळा. पण भिंगाखाली धरा: पायराइटच्या घनावरच्या बारीक समांतर रेघा अजून शाबूत असतात. गंधक गेलं, लोखंड राहिलं, रेघा तशाच!

टिकाऊपणात पारडं फिरतं. खनिजांची कठीणता मोजणाऱ्या 1 ते 10 च्या मोह्स मापावर गोथाइटची कठीणता 5 ते 5.5, मॅलाकाइटची जेमतेम 3.5 ते 4. शिवाय मॅलाकाइट कार्बोनेट, म्हणजे आम्लात विरघळणारं, त्यामुळे लिंबू-व्हिनेगर लावून साफ करायला गेलात तर नमुना गेलाच म्हणून समजा. गोथाइटची एकच खोड: गाभ्यात पायराइट उरलं असेल तर दमट हवेत ते कुजतं, आम्ल सुटतं आणि तडे जातात. म्हणून कोरड्या डबीत ठेवायचा.

खर्चात गोथाइट बराच हलका.

हाताळायला, मुलांना दाखवायला गोथाइट घ्या. काचेच्या कपाटात एकच देखणा नमुना मिरवायचा असेल, तर थांबून पैसे साठवा आणि मॅलाकाइट घ्या.