गिटारचं बाइंडिंग: शिसव, आबनूस की मेपल?

पेटी बंद झाली, बाजूंवर वरची स्प्रूसची (एका फिकट, सूचिपर्णी लाकडाची) फळी आणि पाठ चिकटली, की काठाच्या पट्टीचा, म्हणजे बाइंडिंगचा प्रश्न येतो. बडोद्यात स्वतःच्या हाताने पहिली गिटार करणारे जे दोन-चार जण माझ्याकडे विचारायला येतात, त्यांचं बहुतेक वेळा आबनूस ठरलेलं असतं. पांढऱ्या स्प्रूसभोवती काळीभोर कड देखणी दिसते, यात वादच नाही. पण दिसण्याचा विचार शेवटी करावा. ही पट्टी आधी वाकवायची आहे, मग चिकटवायची, मग घासायची.

पट्टीचं खरं काम राखणीचं आहे. स्प्रूस इतकं मऊ की नखाचीही खूण उमटते, आणि फळीच्या काठावर त्याचे उघडे धागे दमट हवा पितात. म्हणून काठाला खाच पाडून तिच्यात कठीण लाकडाची पट्टी बसवतात, साधारण २ मिलिमीटर जाड आणि ६ मिलिमीटर उंच. वर दोन, पाठीला दोन, अशा चार पट्ट्या लागतात, प्रत्येकी ८० सेंटिमीटरच्या आसपास. लाकूड कोणतंही घ्या, सहा कापून ठेवा.

आबनूस घट्ट आणि बारीक पोताचं. छिद्रं भरायची कटकट जवळजवळ नाही, आणि पॉलिश चढलं की नजर हटत नाही. वाकायला मात्र नाखूश. मोठ्या गोलाईवर पट्टी निमूट जाते. कंबरेला, म्हणजे गिटारच्या मधल्या अरुंद भागात, वाक उलटा आणि घट्ट होतो, तिथे ती अडते. माझ्या पहिल्या वेळी, ज्यावर पट्टी वाकवतात तो धातूचा पाइप चांगला तापला होता, ओल्या पट्टीतून वाफ येत होती, हाताला लाकूड सैल पडल्यासारखं वाटलं, आणि बाहेरच्या अंगाने केसाएवढी चीर उठली. आवाज वाळकी काडी मोडावी तसा. त्या दुपारी चारांपैकी तीन पट्ट्या गेल्या. नंतर तुकडे उन्हात धरून पाहिले तेव्हा कळलं, धागा तिरका होता. ज्या दुकानातून आणल्या तिथे त्या फिंगरबोर्डच्या (तारांखालच्या, बोटं दाबायच्या पट्टीच्या) उरलेल्या तुकड्यांतून काढल्या होत्या. सरळ धाग्याचं आबनूस मिळालं तर काम होतं, पण हात बसलेला हवा. एक गुण मात्र मानायला हवा: आबनूस चूक पोटात घेतं. बारीक फट राहिली तर त्याचाच भुसा गोंदात कालवून भरला की शोधूनही सापडत नाही.

शिसवाचं वेगळं. तापलेल्या पाइपवर ते आधी अडतं आणि मग एकदम सोडतं. तो क्षण तळहाताला स्पष्ट कळतो. तेव्हा जोर लावायचा नाही, फक्त त्याच्याबरोबर जायचं. गोडसर वास खोलीभर पसरतो. कंबरेचा वाक पहिल्याच गिटारला साधतो, आणि नवख्या माणसासाठी मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दोष रंगाचा. चपडा (लाखेच्या) पॉलिशमधलं स्पिरिट लागलं की शिसवातला जांभळट रंग सुटतो आणि शेजारच्या स्प्रूसवर उतरतो. म्हणून आधी स्प्रूसवर चपड्याचा पातळ हात द्यावा, आणि पुढचे हात काठाच्या लांबीने फिरवावेत, काठावरून आत ओढू नयेत. छिद्रं मोठी, तीही भरावी लागतात.

लाकूडबाजारात नाव जपून सांगा. आपण शिसव म्हणतो ते डाल्बर्जिया लॅटिफोलिया. नुसतं ‘सीसम’ मागितलं तर डाल्बर्जिया सिसू, म्हणजे उत्तरेकडचं शीशम, हातात पडू शकतं. एका कडेला रंधा मारून बघा: लॅटिफोलिया जांभळट तपकिरी आणि काळसर रेघांचं, सिसू सोनेरीकडे झुकणारं. गिटार परदेशात जाणार असेल तर आणखी एक गोष्ट. २०१७ पासून डाल्बर्जियाच्या सगळ्या जाती साइटिस या, दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर परवान्याने नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराखाली आहेत. नोव्हेंबर २०१९ पासून शिसवासारख्या, कराराच्या परिशिष्ट दोनमधल्या लाकडाच्या तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. कच्च्या लाकडाला ती नाही.

मेपल गोरं, आणि शिसवी बाजूंवर फार उठून दिसतं. साधं मेपल बरं वाकतं. लहरींचं नक्षीदार मेपल लहरीवरच मोडतं. पाइप जास्त तापला तर तपकिरी डाग पडतो, आणि तो पट्टीच्या आतपर्यंत गेला तर घासूनही जात नाही. शिसवाचा भुसा त्याच्या धाग्यांत बसून कड गुलाबी होते, म्हणून कागदाने घासण्यापेक्षा स्क्रॅपरने (पोलादी पातीने) खरवडलेलं बरं. खाचेतली प्रत्येक फट इथे काळी रेघ होऊन दिसते.

सागाबद्दल इथे हमखास विचारतात, सागाच्या रंगीत फर्निचरचं संखेडा जवळ आहे ना! खराद्यांच्या हातचं ते लाखेचं काम मला मनापासून आवडतं, पण साग तेलकट, त्यावर गोंद धरायला त्रास देतो, आणि एवढ्या बारीक काठाला त्याचं पोत भरड. सेल्युलॉइडची (एका जुन्या प्लॅस्टिकची) पट्टी वाकवायला सगळ्यात सोपी. मात्र वर्षांनुवर्षं ती लांबीत आखडत जाते आणि कंबरेपाशी सुटून उभी राहते. दुरुस्तीला आलेल्या जुन्या गिटारांत ती फट मी पुष्कळदा पाहिली आहे.

तेव्हा पहिली गिटार असेल तर शिसव घ्या. बाजूही शिसवीच असतील तर कड त्यांच्यात हरवते. मग मध्ये मेपलची अर्ध्या मिलिमीटरची एक रेघ घाला, काम उजळतं. बाजू महोगनीच्या असतील तर तीही लागत नाही. तिसऱ्या-चौथ्या गिटारला, खाच एकसारखी पडू लागली की मेपल. आबनूस त्याच्याही पुढे, आणि तेव्हाही धागा आधी उजेडात धरून बघूनच.

पट्ट्या वाकवून साच्यात बांधून ठेवायचं काम पावसाळ्यातही चालतं. चिकटवू मात्र नका. जुलै-ऑगस्टात स्प्रूस आडवं फुगलेलं असतं. तेव्हा सपाट केलेला जोड एप्रिलच्या कोरड्या हवेत फळी आखडली की बोटाला कंगोरा होऊन लागतो. मी दिवाळीनंतर, हवा स्थिरावली की, हवेतला ओलावा मोजणाऱ्या हायग्रोमीटरवर ४५ ते ५० टक्के दिसल्यावरच गोंदाची बाटली उघडतो.