ओंडान्सेट्रॉनची गोळी: उलटीला पैकीच्या पैकी, बाकीचं वाचून ठरवा

आधी रेटिंग देऊन टाकतो म्हणजे घाईत असणाऱ्यांचं काम होईल. उलटी थांबवायला पाचपैकी पाच. मळमळीला तीन, तेही ओढूनताणून. गाडी लागत असेल तर शून्य. आणि पोट साफ होण्याच्या बाबतीत उणे मार्क द्यायची सोय असती तर तेही दिले असते.

ही गोळी एमेसेट, झोफ्रान, ओंडेम, व्होमीकाइंड अशा कितीतरी नावांनी मिळते, आत औषध एकच, ओंडान्सेट्रॉन. मी कुठल्या एका कंपनीबद्दल लिहीत नाहीये, आमच्याकडे मेडिकलवाल्याकडे जी असेल ती यायची आणि मला तरी काही फरक जाणवला नाही. चिठ्ठीवरच मिळणारं औषध आहे, निदान कागदावर तरी, प्रत्यक्षात काउंटरवर "उलटीची द्या" म्हटलं की काय मिळतं ते सगळ्यांना माहितीय.

आईला गेल्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं आणि मग केमो, दर २१ दिवसांनी एक अशा पहिल्या चार सायकल त्या लाल औषधाच्या, डॉक्सोरुबिसिन म्हणतात त्याला, सोबत सायक्लोफॉस्फमाइड. हे कॉम्बिनेशन उलटीच्या बाबतीत सगळ्यात वरच्या गटात मोडतं हे आम्हाला नंतर कळलं. (लाल औषधाने लघवी पण एखादा दिवस लालसर होते, बाबांनी रक्त समजून रात्री अकराला डॉक्टरांना फोन लावला होता, असो.) आम्ही साताऱ्याचे, केमो पुण्याला. सकाळी जाताना खंबाटकीचा बोगदा लागतो म्हणून बरं, पण संध्याकाळी परत येताना घाट, म्हणजे सुई काढल्यावर तीन तासांच्या आत आई घाटाच्या वळणांवर. गाडीत पिशव्या, टॉवेल, लिंबू, आलेपाक, सगळी तयारी.

पहिल्या केमोला सलाईन लावायच्या आधी उलटीचं इंजेक्शन दिलं, आणि घरी घ्यायला ८ मिलिग्रॅमच्या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ, तीन दिवस. घाट पार पडला, काही झालं नाही. घरी येऊन आईने मऊ भात आणि आमसुलाचं सार घेतलं आणि म्हणाली बघ मला काही होत नाहीये, उगाच कशाला गोळ्या खायच्या, लागेल तेव्हा घेईन. आणि आम्ही पण ऐकलं! आमची पिढीच्या पिढी औषध वाचवण्यात वाढलेली, गोळी उरली म्हणजे जिंकलो असं वाटतं. रात्री दोन वाजता जे सुरू झालं ते सकाळपर्यंत नऊ वेळा, शेवटी पोटात काही नसताना नुसते कोरडे उमासे, आणि मग गोळी दिली की ती पण बाहेर. तर पहिला धडा हा की ही गोळी घड्याळ बघून घ्यायची असते, मळमळायला लागल्यावर नाही. तिचा जोर काही तासच टिकतो, म्हणून तर दिवसातून दोन-तीनदा देतात. दुसऱ्या सायकलपासून मी मोबाईलला अलार्म लावला आणि एकही उलटी नाही. एकही नाही. त्यासाठी ते पाच मार्क.

ही काय करते ते मला नंतर डे-केअरच्या सिस्टरनी समजावलं आणि मग मी स्वतः वाचत बसलो. सेरोटोनिन या रसायनाचं नाव आपण डोक्याच्या, मूडच्या संदर्भात ऐकतो, पण शरीरातलं ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं. केमोने आतड्याच्या अस्तराला मार बसला की तिथल्या पेशी ते भसाभस सोडतात, ते व्हेगस नावाच्या नसेच्या टोकांवर जाऊन बसतं आणि ती नस मेंदूला कळवते की विष पोटात गेलंय, बाहेर फेका. ओंडान्सेट्रॉन त्या टोकांवर आधीच जाऊन जागा अडवतं, एसटीत रुमाल टाकून सीट धरतात तसं. सेरोटोनिन येतं पण बसायला जागाच नाही. म्हणूनच आधी घ्यायची.

ग्लॅक्सो कंपनीने हे औषध ऐंशीच्या दशकात शोधलं आणि १९९१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. त्याच्या आधी सिस्प्लॅटिनसारख्या केमोला लोक इतके ओकायचे की काही जण उपचार अर्धवट सोडायचे. तेव्हा मेटोक्लोप्रमाइडचे मोठे डोस द्यायचे, म्हणजे आपलं पेरिनॉर्म, त्याने कुणाची मान वाकडी व्हायची, कुणाचा जबडा आवळायचा. २००६ ला अमेरिकेतलं पेटंट संपलं. आज आपल्याकडे एक गोळी कटिंग चहाच्या आसपास पडते, जनऔषधीत त्याहून कमी.

आता मळमळीचं. उलटी आणि मळमळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला आईमुळे कळलं. उलटी शून्य, पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी जीव असा कालवायचा की शेजारच्या घरातली हिंगाची फोडणी खिडकीतून आली तरी आई तोंडाला पदर लावून बसायची. आम्ही महिनाभर कुकरमधलं बिनफोडणीचं जेवलो. मी डॉक्टरांना म्हटलं गोळी वाढवून द्या, तर ते म्हणाले वाढवून उपयोग नाही, पहिल्या २४ तासांनंतरची जी मळमळ असते ती जास्त करून दुसऱ्या रस्त्याने येते, सबस्टन्स पी म्हणून शरीरातलं दुसरं एक रसायन आहे त्याच्यामुळे, तिथे या गोळीचा हात पोचत नाही. त्यासाठी अप्रेपिटंटच्या तीन कॅप्सूल असतात, पहिल्या दिवशी १२५ आणि पुढचे दोन दिवस ८०, आणि सोबत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. कॅप्सूलचं बिल बघून आपल्यालाच मळमळतं पण उपयोग होतो. तिसऱ्या सायकलला ओलान्झापीन पण वाढवलं. ते घ्यायला गेलो तर मेडिकलवाला म्हणाला ही डोक्याची गोळी आहे, मानसिक आजाराची, नक्की ना? आईने ते ऐकलं आणि झाला गोंधळ. नक्कीच होती. मूळ वापर तोच, पण मळमळीवर फार चांगली चालते. फक्त झोप प्रचंड येते, आई दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठली नाही. मग डॉक्टरांनी डोस कमी केला. मुंबईच्या टाटा मेमोरियलनेच यावर अभ्यास केलाय, १० मिलिग्रॅमच्या ऐवजी २.५ दिलं तरी उलटीवर काम तेवढंच होतं आणि दिवसाची गुंगी कमी राहते, २०२४ मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजी या जर्नलमध्ये आलाय. आपल्या इथल्या लोकांनी केलेलं आपल्या आईच्या कामाला आलं याचं जरा बरं वाटलं.

आता येतो खऱ्या तक्रारीवर. पोट.

दुसऱ्या सायकलला उलटी नाही म्हणून घरात आनंदीआनंद, आणि चौथ्या दिवशी आई हळूच म्हणाली मला चार दिवस झालं नाहीये. आई ही बाई अशी की ऑपरेशनच्या वेळी रडली नाही, पण संडासात अर्धा तास कुंथून बाहेर आली तेव्हा डोळ्यात पाणी होतं. पोट टम्म, भूक गेलेली, आणि पोट भरलेलं म्हणून परत मळमळ, म्हणजे जिच्यासाठी गोळी घेतली तीच मागच्या दाराने आत. वाचलं तर कारण सोपं निघालं, आतडं पुढे सरकवायचं काम पण तेच सेरोटोनिन करतं, तुम्ही त्याची सीट अडवली की उलटी थांबते आणि आतडं पण सुस्तावतं. हे इतकं कॉमन आहे, मग कुणीच का सांगितलं नाही? चिठ्ठीवर काही नाही, मेडिकलवाला गप्प, हातात दिलेल्या छापील कागदावर केस गळतील, तोंड येईल, सगळं होतं, हे नव्हतं. बद्धकोष्ठ विचारायला आपल्याकडे लाजतात आणि सांगायला पण लाजतात.

शेजारच्या काकू म्हणाल्या एनिमा द्या, एका मिनिटात मोकळं. मी निघालोच होतो आणायला, नशीब आधी फोन केला. डॉक्टर एकदम म्हणाले अजिबात नाही, केमोनंतर पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, खालून काही घातलं आणि जरा जरी जखम झाली तर इन्फेक्शन थेट रक्तात. मग लॅक्ट्युलोजचं सिरप दिलं, रात्री झोपताना, आणि पुढच्या सायकलपासून ते गोळीच्या पहिल्या दिवसापासूनच सुरू. सोबत भिजवलेल्या मनुका, कोमट पाणी, आणि अंगणात दहा फेऱ्या, आई मोजून घालायची. तेव्हापासून डॉक्टर आई आत आली की पहिलं विचारायचे "काकू, संडासला होतंय का?" आणि आई एवढी लाजायची.

डोकेदुखी पण होती, कपाळाला कुणीतरी फडकं घट्ट बांधल्यासारखी, गोळीनंतर तासाभराने. पण केमोच्या दिवसात पॅरासिटामॉल टाकायच्या आधी थर्मामीटर लावायचा, कारण ताप असेल तर तो लपून जातो आणि या पेशंटचा ताप लपणं महागात पडतं. हे मात्र आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलेलं, त्याचे मार्क त्यांना द्यायला हवेत.

आणखी एक गोष्ट जी मला माहितीच नव्हती. सुरुवातीला आईचा ईसीजी काढला तेव्हा मला वाटलं बिल वाढवायचे धंदे. तसं नव्हतं. या औषधाने काही जणांच्या हृदयाच्या ठोक्याची लय बिघडू शकते, ईसीजीवर क्यूटी नावाचं अंतर असतं ते लांबतं. २०१२ मध्ये अमेरिकेत शिरेतून एका दमात ३२ मिलिग्रॅम द्यायचा डोस याच कारणाने बंद केला, आता एका वेळी १६ च्या वर शिरेतून देत नाहीत. रक्तात पोटॅशियम कमी असेल तर धोका वाढतो, आणि आईच्या बीपीच्या गोळीत लघवी होण्याचं औषध होतं ज्याने पोटॅशियम कमी होतं. म्हणजे रोजची साधी बीपीची गोळी पण सांगायची असते. तसंच डिप्रेशनच्या गोळ्या, ट्रॅमाडॉलसारखं पेनकिलर, ॲझिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक, लिव्हरचा त्रास, सगळं आधी सांगा, लपवू नका. छातीत धडधड, चक्कर आली तर "थकवा असेल" म्हणत बसू नका.

तोंडात विरघळणारी गोळी येते ती आईला जास्त आवडली कारण तोंड आलेलं असताना साधी गोळी गिळताना घशात अडकायची. गोडसर स्ट्रॉबेरीचा वास. पण ती नेहमीच्या सवयीने पाठीमागून दाबून काढू नका, भुगा होतो, मागची फॉइल सोलून कोरड्या हाताने उचलायची. मला वाटायचं जिभेवर ठेवली की तिथूनच रक्तात जाते, तसं काही नाही, थुंकीबरोबर पोटातच जाते आणि अर्धा तास लागतोच.

केमो संपल्यावर उरलेली पट्टी बघून मी माझी अक्कल पाजळली ती पण सांगतो. दापोलीला निघालो होतो, महाबळेश्वर उतरून आंबेनळी घाटाने. मला लहानपणापासून गाडी लागते. म्हटलं जी गोळी केमोची उलटी थांबवते तिच्यापुढे आंबेनळी काय चीज आहे! पोलादपूर यायच्या आत दोनदा गाडी थांबवायला लागली. गाडी लागणं कानातून सुरू होतं, तिथे हिस्टामिन आणि ॲसिटिलकोलीन या वेगळ्याच रसायनांचा कारभार, सेरोटोनिनची सीट अडवून काय उपयोग. त्यासाठी आपली ॲव्होमीनच, निघायच्या तास-दोन तास आधी, आणि मग मुक्काम येईपर्यंत घोरत जायचं, गाडी दुसऱ्याने चालवायची.

ताईच्या मुलाला गॅस्ट्रो झाला तेव्हा पण हेच औषध दिलं, सिरप. तीन वर्षांचा, १४ किलो, डोस वजनावर, २ मिलिग्रॅम, तोही एकदाच. नंतर चमच्या-चमच्याने ओआरएस. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की खरं औषध ओआरएस आहे, हे फक्त ते पोटात टिकावं म्हणून, आणि जुलाब थोडे वाढले तर घाबरू नका. वाढले थोडे. ताई परत डोस द्यायला निघाली होती, तिला थांबवलं. उलटी हिरवी असेल, पोट फुगलेलं असेल किंवा मूल बराच वेळ शू करत नसेल तर घरी सिरप पाजत बसायचं नाही, थेट दवाखाना. गरोदर असाल तर पहिल्या तीन महिन्यात मनाने नको, बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगण्याचा किंचित धोका सांगितलाय, दहा हजारात तीनेक जास्त. आधी डॉक्सिलामीन आणि व्हिटॅमिन बी६ ची गोळी देतात, तिने नाही भागलं तर डॉक्टर बघतील.

आमच्याकडे पट्टीत अजून दोन गोळ्या होत्या. परवा लग्नात जेवून आल्यावर बाबांना जळजळ झाली तर म्हणाले ती उलटीची चांगली गोळी आहे ना, एक घेऊन बघू का. आईने काही न बोलता पट्टी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि मग म्हणाली, "घ्या की, पण आधी चार दिवसांचा इसबगोल आणून ठेवा."