टचपॅड कडक लागतंय? आधी बॅटरी बघा (तीन वर्षं वापरलेल्या लॅपटॉपचा अनुभव)

लॅपटॉप 2022 च्या दिवाळीत घेतला, 46 हजाराला. आय थ्री, 8 जीबी रॅम, 512 ची एसएसडी, त्या किमतीत तेव्हा सगळ्यांचं हेच होतं त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. माझं काम मराठी टायपिंग आणि प्रुफं तपासायचं, डोंबिवलीत घरूनच करते, म्हणजे स्क्रीन थोडी फिकी असली तरी चालेल पण कीबोर्डवर माझं घर चालतं. आणि पहिली अडीच वर्षं कीबोर्डबद्दल एक अक्षर तक्रार नव्हती, बटणं मऊ, आवाज कमी, रात्री टाइप करत बसलं तरी शेजारी झोपलेलं माणूस उठत नाही.

ऑगस्टमधे दिवाळी अंकांची कामं डोक्यावर असताना डी चं बटण गेलं. इनस्क्रिप्ट (मराठी टायपिंगची बटणांची मांडणी) वापरणाऱ्यांना लगेच कळेल याचा अर्थ काय, डी वर हलन्त म्हणजे अक्षराचा पाय मोडायची खूण असते, ती गेली की जोडाक्षरं संपली. महाराष्ट्रचं महाराषटर, प्रश्नचं परशन. सोबत 3 चा आकडा आणि अजून दोनतीन बटणं गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चालू केला तर अख्खा कीबोर्ड बंद आणि टचपॅडही बंद. पॉवरचं बटण चालतंय, लॉगिनची स्क्रीन येते, आणि पिन टाकायला काही नाही.

त्या दिवशी काय केलं ते सांगते, अडकलेल्यांच्या उपयोगी पडेल. नवऱ्याच्या ऑफिसचा यूएसबी माऊस लावला. लॉगिन स्क्रीनवर खाली उजव्या कोपऱ्यात ॲक्सेसिबिलिटीचं चिन्ह असतं, त्यात ऑन स्क्रीन कीबोर्ड मिळतो, त्याने पिन टाकून आत गेले आणि आधी चालू काम पेनड्राइव्हवर घेतलं. मग पुण्याच्या भाच्याला फोन. तो म्हणाला मावशी, पूर्ण बंद कर, चार्जर काढ, पॉवरचं बटण 60 सेकंद दाबून धर, मग चालू कर. त्याच्या म्हणण्याप्रमाणे कीबोर्ड सांभाळणारी आत एक वेगळी छोटी चिप असते, ती कधी कधी अडकते आणि असं केलं की नव्याने सुरू होते. आणि खरंच दोन्ही सुरू झालं! त्यानेच फास्ट स्टार्टअपही बंद करायला लावलं. फास्ट स्टार्टअप चालू असलं की विंडोज शट डाउन केलं तरी सिस्टीमचा गाभा आहे त्या अवस्थेत साठवून ठेवला जातो, खरी नवी सुरुवात रीस्टार्टलाच होते, हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. मी इतकी खूश होते की लॅपटॉपला पाचपैकी साडेचार द्यायचे ठरवून हा अनुभव लिहायला घेतला, इथपर्यंतचं सगळं तेव्हाच लिहिलेलं आहे.

तेव्हा पाठवला नाही ते बरं झालं. नऊ दिवसांनी परत तेच, आणि या वेळी 60 सेकंदांची युक्ती अर्धा दिवस टिकली. भाच्याने चालू करताना एफ 2 दाबून बायोसमधे, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवर, जाता येतं का बघायला सांगितलं, कारण तिथे विंडोज नसतंच, तिथे बटणं चालली तर दोष सॉफ्टवेअरचा धरायचा. सकाळी सकाळी केलं, चालली. मग आम्ही दोन संध्याकाळी विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधे घालवल्या, टचपॅडचा ड्रायव्हर (तो चालवणारं सॉफ्टवेअर) काढ, घाल, जुना आण, कंपनीच्या साइटवरून नवा घे. काही उपयोग नाही. आता कळतंय की ती चाचणी चुकीची नाही पण एकदाच करून भागत नाही. माझा लॅपटॉप थंड असताना चालायचा आणि तासाभराने तापला की जायचा, त्यामुळे बायोसची चाचणी तापल्यावर करायला हवी होती.

अजून एक गोष्ट तेव्हाच लक्षात यायला हवी होती. कीबोर्डची पट्टी (आतल्या मुख्य बोर्डाला जोडणारी चपटी केबल) वेगळी, टचपॅडची पट्टी वेगळी, दोघांचे मार्गही वेगळे. दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी मरत असतील तर दोघांना त्रास देणारं तिसरंच काहीतरी शोधायचं.

गणपती झाल्यावर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेले. कंपनीचं नाव लिहीत नाही. वॉरंटी एक वर्षाची, कधीच संपलेली, त्यामुळे तपासणी फी 500 अधिक जीएसटी, 590 रुपये आधी भरा. भरले. दोन दिवसांनी फोन, वरचा पूर्ण पॅनल बदलावा लागेल, 13 हजार 900. का, तर या मॉडेलचा कीबोर्ड स्क्रूने बसवलेला नाही, प्लास्टिकच्या रिव्हेटने वरच्या पॅनलला ठोकून बसवलाय, त्यामुळे नुसता कीबोर्ड मिळत नाही. हल्ली कितीतरी पातळ लॅपटॉपमधे हे असंच असतं म्हणे, आणि मला याचा मनापासून राग आहे, एक बटण गेलं म्हणून तळहात टेकायची जागासुद्धा विकत का घ्यायची? मी नको म्हटलं आणि लॅपटॉप परत आणला, 590 गेले ते गेले.

मग एका ओळखीच्या डीटीपीवाल्याच्या सांगण्यावरून मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड. दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून चालत. माळ्यावरचं छोटं दुकान, तिथल्या दादांनी लॅपटॉप चालूही केला नाही. काउंटरच्या काचेवर ठेवला आणि एका कोपऱ्यावर बोट टेकवलं, लॅपटॉप डुगडुगला. मग टचपॅड दाबून बघितलं आणि विचारलं, "ताई, हे कधीपासून एवढं कडक झालंय?"

मे महिन्यापासून! मे पासून टचपॅडची उजवीकडची क्लिक जोर लावून करावी लागत होती आणि मी ते जुनं झालं म्हणून सोडून दिलेलं. त्यांनी माझ्यासमोर खालचं झाकण काढलं आणि आत बॅटरी पुरीसारखी फुगलेली. ही बॅटरी बरोबर टचपॅडच्या खाली बसते, ती खालून टचपॅडला ढकलत होती आणि दोन्ही पट्ट्या तिच्या अंगावरूनच जातात, त्या ताणल्या जाऊन कनेक्टरमधून तिरक्या झालेल्या. डी का गेला तेही तिथेच कळलं. प्रत्येक बटणाला वेगळी तार नसते, आडव्या उभ्या रेषांचं जाळं असतं, पट्टीतली एक रेष टेकेनाशी झाली की तिच्यावरची सगळी बटणं एकदम जातात.

नवीन बॅटरी 2800, मजुरी 500, पट्ट्या काढून टोकं साफ करून परत बसवल्या, कनेक्टरची कडी नीट लावली. 3300 मधे कीबोर्ड, टचपॅड, बॅटरी तिन्ही. चाळीस मिनिटं. बॅटरी घेताना जुन्या बॅटरीवरचा पार्ट नंबर आणि वॉट-अवर दोन्ही जुळवून घ्या, आणि बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरो) खूण, आयएस 16046 आणि आर पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलाय का ते बघा, नसेल तर स्वस्त मिळाली तरी नको. जुनी फुगलेली त्यांच्याकडेच दिली, घरच्या कचऱ्यात ती अजिबात टाकू नका. आणि फुगलीय असा संशय आला तर चार्जिंग थांबवा, दाबून, टोचून सपाट करायला जाऊ नका, लिथियमची बॅटरी पेट घेऊ शकते.

आता मुख्य गोष्ट. झाकण काढायच्या आधी दादांनी मला एका स्क्रूवरचं कंपनीचं स्टिकर दाखवलं. अखंड होतं. म्हणजे सर्व्हिस सेंटरने 590 रुपये घेऊन लॅपटॉप उघडलाच नाही. उघडला असता तर फुगलेली बॅटरी लहान मुलालाही दिसली असती. पैसे एकवेळ सोडा, त्यांनी ती बॅटरी तशीच माझ्या हातात परत दिली आणि मी ती त्यानंतर आठवडाभर चार्ज करत होते, रात्री, बेडरूममधे, जिथे माझी मुलगी झोपते. याचा विचार आला की अजून अंगावर काटा येतो.

त्याला आता सात महिने झाले. एकही बटण गेलेलं नाही, टचपॅड नव्यासारखं हलकं लागतं. दिवसभर चार्जर लावूनच काम करायची माझी सवय होती, बॅटरी कायम शंभर टक्के भरलेली आणि गरम, ते तिला मानवत नाही. कंपनीच्याच ॲपमधे 80 टक्क्यांवर थांबवायची सोय होती, ती पहिल्या दिवसापासून होती, आता चालू केलीय. महिन्याच्या एक तारखेला कमांड प्रॉम्प्टमधे पॉवरसीएफजी, एक स्पेस, तिरकी रेघ, बॅटरीरिपोर्ट एवढं इंग्रजीत टाइप करून मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता बघते, आणि लॅपटॉप ओट्याच्या सपाट ग्रॅनाइटवर ठेवून चारही कोपरे दाबते. डुगडुगत नाही.

लॅपटॉपला साडेतीन देते, एक पूर्ण गुण त्या रिव्हेटसाठी कापलाय. सर्व्हिसला शून्य. स्टिकरचा फोटो झाकण उघडायच्या आधी काढून ठेवला होता, तो जोडून आत्तापर्यंत चार मेल केलेत. उत्तर एकदाच आलं, तपासणी फी परत होत नाही म्हणून. मी त्यांना परत लिहिलंय की तपासणी झालीच नाही तर फी कशाची, पाचवा मेल सोमवारी जाईल.