चाळीसगावचा केकी मूस बंगला : आधी सावल्या पाहा

चाळीसगाव स्टेशनच्या जवळच हा बंगला आहे. नाव 'रेम्ब्राँट्स रिट्रीट', उजेड-सावलीच्या खेळासाठी गाजलेल्या डच चित्रकार रेम्ब्राँटवरून. आत काय शोधायचं, ते या नावातच आलं.

केकी मूस (१९१२–१९८९) हे पारशी छायाचित्रकार. मुंबईत आणि पुढे इंग्लंडमध्ये शेफिल्डला शिकून आले, आणि त्यानंतर जवळपास पन्नास वर्षं क्वचितच या घराचा उंबरा ओलांडला. रेल्वेने येणाऱ्या प्रेयसीची वाट पाहण्याची कहाणी गावात रंगवून सांगतात. ऐकायला छान आहे, पण तिच्यापायी माणसं भिंतींवरच्या मूस यांच्या फोटोंकडे नीट बघत नाहीत.

व्यक्तिचित्रांपासून सुरुवात करा. रेम्ब्राँटच्या पद्धतीत प्रकाश एका बाजूने, थोडा वरून येतो आणि सावलीतल्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उमटतो. तो कुठे सापडतो, कुठे मुद्दाम मोडलाय, ते बघा. फ्रेमच्या काचेत खिडकी चमकत असेल तर समोरून हटून तिरकं उभं राहा.

खरी मेजवानी टेबलटॉप फोटोंची. टेबलावर किरकोळ वस्तू मांडून अख्खा देखावा उभा करायचा, हा मूस यांचा हातखंडा. ऐकायला सोपं वाटतं, पण यात फसायला जागा पुष्कळ. कॅमेरा इतका जवळ असतो की फोकसची खोली, म्हणजे पुढे-मागे जेवढं स्पष्ट दिसतं तो पट्टा, जेमतेम उरते, म्हणून भिंगाचं छिद्र अगदी बारीक करून शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं. तेवढ्या वेळात काही हललं की फोटो वाया. बर्फासाठी मीठ पसरलं आणि दाणा जाड निघाला, तर डोंगराचा ढिगारा होतो. दोन दिव्यांच्या दोन सावल्या पडल्या, की सूर्य खोटा ठरतो. म्हणून प्रत्येक देखाव्यात आधी सावल्या मोजा, मग मथळा वाचा. पंधरा मिनिटांत 'बंगला करून' निघणाऱ्यांना हे दिसत नाही. दीड तास तरी काढा. मूस यांनी जमवलेल्या कलावस्तूही आहेत, पण वेळ कमी असेल तर फोटोंनाच द्या. निघण्याआधी फोन करून उघडण्याची वेळ विचारा, आणि फोटो काढायचे असतील तर परवानगी घ्या.

जंगलात भटकायची हौस असेल तर ती पाटणादेवीला भागते. गौताळा-औट्रम घाट अभयारण्यात चंडिकादेवीचं मंदिर आहे. चाळीसगावहून साधारण १८ किलोमीटर. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचं सांगणारा तेराव्या शतकातला शिलालेख याच पाटणचा. धवलतीर्थ धबधबा पावसाळ्यातच खरा; तेव्हा शेवाळलेल्या खडकावर चपला सरकतात, पकड असलेले बूट घाला. बिबट्याचा वावर आहे, अंधाराआधी खाली या.

एप्रिल-मेमध्ये जंगल सकाळी, बंगला दुपारी. खान्देशचं ऊन कोणाची भीड ठेवत नाही. पावसाळ्यात उलट केलंत तरी चालेल, फक्त परतीच्या गाडीची वेळ आधी बघून घ्या.