बॅटल चेस: नऊ महिन्यांचा वापर, एक जळलेला एसएमपीएस आणि चालत येणारा हत्ती

गेल्या पंधरवड्यात आमच्या जुन्या डेस्कटॉपचा एसएमपीएस, म्हणजे त्याला वीज पुरवणारा भाग, जळला. बाजारातल्या एका दुकानदाराने तो बदलून दिला, पण आम्हाला न विचारता हार्ड डिस्कही फॉरमॅट केली, आणि त्यात माझे वडील व माझी मुलगी यांचा ‘बॅटल चेस’ या संगणकावरच्या बुद्धिबळाच्या खेळातला, एकतिसाव्या चालीनंतर थांबवून ठेवलेला डाव पुसला गेला. त्या डावासाठी घरात जी हळहळ झाली ती पाहिल्यावर लक्षात आले, की या खेळाविषयी माझे मत दिवाळीत होते ते आता राहिलेले नाही. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

इंटरप्ले या कंपनीचा हा खेळ १९८८ साली प्रथम अमिगा संगणकावर आला आणि नंतर डॉस ही जुनी प्रणाली असलेल्या संगणकांसह अनेक यंत्रांवर गेला, हे बहुतेकांना ठाऊक असेल. मी तो दिवाळीच्या सवलतीत दोनशे रुपयांच्या आत घेतला, कारण मुलीला बुद्धिबळाचा वर्ग लावायचा तर महिन्याची फी त्याच्या कितीतरी पट होती. चाळिशीत आल्यावर मी स्वतःसाठी संगणकावरचा खेळ विकत घेतला नसता.

पहिली अडचण आली ती नावांची. वडील गिरणीत होते आणि चाळीच्या ओट्यावर बुद्धिबळ शिकले. त्यांच्या पटावर राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडा आणि प्यादी. पडद्यावर पाहतात तो वजिराच्या जागी पायघोळ झग्यातली राणी, उंटाच्या जागी हातात दंड घेतलेला धर्मगुरू, आणि हत्तीच्या जागी दगडी बुरूज, जो चालायच्या वेळी दगडी राक्षस होऊन उभा राहतो. “अगं, यात वजीर कुठला?” हा प्रश्न त्यांनी पहिल्या आठवड्यात निदान दहा वेळा विचारला. आता घरात ठरून गेले आहे: बाई म्हणजे वजीर, बुवा म्हणजे उंट, दगड म्हणजे हत्ती. नियमांचेही तसेच झाले. वडिलांच्या जुन्या देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकते आणि शेवटच्या ओळीत पोहोचल्यावर ज्या मोहऱ्याचे ते घर असेल तो मोहरा होते. इथे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. संगणकाने प्यादे दोन घरे पुढे टाकले, तेव्हा वडिलांनी चूक झाली असे समजून मला स्वयंपाकघरातून हाक मारली होती.

माझी खरी तक्रार मात्र चालण्याची होती, आणि तिच्याविषयी मला थोडे लांबण लावावे लागेल. या खेळात मोहरा एका घरातून दुसऱ्या घरात उडी घेत नाही, तो चालत जातो. वाटेत कुणी उभे असेल तर ते अंग चोरून बाजूला होते. हत्ती आधी बुरुजाचा राक्षस होतो, पावले टाकत ठरलेल्या घरात पोहोचतो, आणि मग पुन्हा बुरूज होऊन बसतो. पहिल्या दिवशी हे पाहताना आनंद होतो, पण तिसऱ्या दिवशी हत्ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे निघाला की मला गॅसवरचे दूध आठवू लागले. मी मोबाईलवर वेळ लावली. जो डाव चित्रांसह सव्वा तास चालला, तोच डाव मी सपाट पटावर, म्हणजे खेळातच असलेल्या टूडी पर्यायात, पुन्हा मांडला तेव्हा पंचवीस मिनिटांत संपला. डॉसचे जुने खेळ आजच्या संगणकावर चालवणाऱ्या डॉसबॉक्समध्ये कंट्रोल आणि एफ१२ दाबून सायकल, म्हणजे खेळाला मिळणारा वेग, वाढवला, त्याने वरच्या पातळीवर संगणकाचा विचार करण्याचा वेळ घटला, पण माझे भांडण विचाराशी नव्हते. वीज, वेळ आणि मुलीच्या अभ्यासाचा तास या तिन्हींची ही उधळपट्टी आहे, असे मी तेव्हा माझ्या भावाला स्पष्टपणे कळवले होते आणि त्याला हा खेळ घेऊ नकोस असेही सांगितले होते.

तो सल्ला मी मे महिन्यात मागे घेतला. सोलापूरचा मे सांगायला नको. दुपारी कुणी बाहेर पडत नाही, खिडकीला ओली चादर टांगून आम्ही आतल्या खोलीत बसतो. अशाच एका दुपारी मुलीने वजीर पुढे काढला आणि तो चालू लागला. तो चार घरे ओलांडत असताना तिच्या तोंडून “थांब, थांब” असे निघाले. तिला वाटेतच दिसले होते, की तो जिथे पोहोचणार आहे तिथे समोरच्या उंटाची तिरकी रेषा लागते. चाल परत घेता येणार नव्हती, कारण आजोबांच्या नियमाने हात सोडला की चाल झाली. पण पुढच्या वेळेपासून ती माऊसचे बटण दाबण्याआधी बोटाने हवेत ती वाट चालून पाहू लागली. मी तिला सहा महिने “आधी बघ, मग खेळ” असे सांगत होते, त्याचा उपयोग झाला नव्हता. तिला जे दिसायला हवे होते, ते त्या संथ चालण्याने दाखवले. सपाट पटावर मोहरा क्षणात पोहोचतो आणि ती वाट डोळ्यांना दिसतच नाही.

माझ्या मते या खेळातला खरा दोष वेगळाच आहे. एक मोहरा दुसऱ्याला मारायला गेला की पडद्यावर लढाई रंगते, दोघे एकमेकांवर तुटून पडतात, पण जो मारायला जातो तोच नेहमी जिंकतो, कारण ते बुद्धिबळ आहे. लहान मुलाला हे लढाई पाहून कळत नाही. माझ्या मुलीला बरेच दिवस वाटत होते, की प्याद्याने वजिरावर हल्ला केला तर वजीर त्याला हाणून पाडेल. या समजुतीपायी तिने सलग तीन डावांत वजीर प्याद्याच्या तोंडी दिला आणि तिसऱ्यांदा ती रडली. पालकांनी हे पहिल्याच दिवशी समजावून सांगावे. तसेच घोड्याने घोड्याला मारण्याच्या प्रसंगात (इथे घोडा म्हणजे चिलखतातला योद्धा) त्या योद्ध्याचे हातपाय एकेक करून तुटतात. तो एका ब्रिटिश विनोदी चित्रपटातल्या प्रसंगावर बेतलेला आहे, तरी फार लहान मुलाशेजारी तेव्हा बसलेले बरे.

लढायांची संख्या मुलीने स्वतः मोजली. सहा प्रकारचे मोहरे, प्रत्येकाने प्रत्येकाला मारायचे म्हणजे छत्तीस, आणि राजा राजाला मारू शकत नाही म्हणून पस्तीस. तिने वहीच्या मागच्या पानावर सहा बाय सहाची चौकट आखली आणि पाहिलेल्या लढाईवर खूण करायला सुरुवात केली. नऊ महिन्यांनंतरही राजाने वजिराला मारल्याचे घर रिकामे आहे, कारण असा प्रसंग डावात क्वचितच येतो. हत्ती वजिराला खाऊन टाकतो, ते घर मात्र सर्वांत आधी भरले होते.

दुकानदाराविषयी एवढेच, की सुटा भाग बदलायचा असताना डिस्क पुसायचे कारण त्याला शेवटपर्यंत सांगता आले नाही, आणि मजुरीचे साडेतीनशे रुपये त्याने तरीही घेतले. मी दोनदा जाऊन भांडले आणि दोनशे परत घेतले. जतन केलेल्या डावाची फाईल अगदी लहान असते. ती पेन ड्राइव्हवर ठेवली असती तर हा त्रास झाला नसता, तेव्हा आपण ती ठेवावी.

ज्यांना मुरलेल्या खेळाडूसाठी प्रतिस्पर्धी हवा आहे, त्यांनी हा घेऊ नये. आजचे फुकट मिळणारे मोबाईलवरचे बुद्धिबळ याहून कितीतरी बळकट आहे. ज्यांच्या घरी एक म्हातारा आणि एक शिकणारे मूल आहे, त्यांनी जरूर घ्यावा आणि संगणकाला बाजूला ठेवून दोन माणसांच्या पर्यायात खेळावा. आमच्याकडे नऊपैकी निदान सहा महिने तो असाच खेळला गेला.

पुसलेला डाव सापडला. मुलगी शाळेत शिकलेल्या पद्धतीने चाली त्याच वहीत लिहीत होती, हे मला माहीत नव्हते. परवा रविवारी ती एकेक चाल वाचत गेली, वडील चष्मा कपाळावर चढवून माऊस सरकवत गेले, आणि एकतीस चाली पुन्हा चालत, लढत पार पडल्या. सपाट पटावर हे काम पाच मिनिटांत उरकेल असे मी सुचवले होते, पण दोघांनीही ऐकले नाही. तेविसाव्या चालीला हत्तीने वजिराला दुसऱ्यांदा खाल्ले. बत्तिसावी चाल मुलीची आहे, आणि ती अजून विचार करते आहे.